हिरड्यांचे मार्क

“दोन, दोन, तीन. दोन, तीन, दोन.” डॉक्टर हिरडीशी बारीक सळई टेकवत आकडे सांगत होती, मदतनीस मुलगी लिहून घेत होती. खुर्चीत मास्तरीणबाई आ करून पडल्या होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांचे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर, परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तसे ताठ बसले होते. शेजारच्याच्या पेपरात वळलेली मान त्यांनी उभ्या नोकरीत कधी माफ केली नव्हती.

दहापैकी दोन! बिचारी.

मास्तर आले होते ते नुसती सोबत म्हणून. “दुखत नाही, खुपत नाही, मग तपासायचं काय? ब्रशला थोडं रक्त कुणाच्या लागत नाही?” असं म्हणत त्यांनी कित्येक वर्षं काढली होती. पण बायकोचा निकाल ऐकून त्यांना राहवेना.

“सरक. आता बघ,” म्हणत ते स्वतःच खुर्चीत चढले.

“चार, पाच, चार.” मास्तरांचे डोळे चमकले. “पाच, सहा, सहा.” तोंडात सळई असूनही त्यांनी बायकोकडे पाहून भुवया उडवल्या. “सात.”

चूळ भरल्या भरल्या ते म्हणाले, “डॉक्टर, हिला फार रागावू नका हं. आकड्यांचं तिला पहिल्यापासूनच जमत नाही.”

डॉक्टरने मास्क खाली ओढला. “काका, हे मार्क नाहीत. दात आणि हिरडीमध्ये किती मिलिमीटर खोल फट पडलीय, ते मोजलं. तीनपर्यंत ठीक. तुमच्या हिरड्या दात सोडून चालल्यात. दुखत नाही, तीच तर पंचाईत. असंच चाललं तर पुढचे दोन जातील.”

मास्तरांची जीभ आपोआप त्या दोघांवर गेली. नात नुकतीच पाढ्यांना लागली होती. तिला ‘तीन त्रिक नऊ’ म्हणून दाखवायला हे दोघं तर हवेतच.

“मग हिचं कसं काय...?”

“काकू रोज दातांच्या फटींतून दोरा फिरवतात. तुमचे दात मी साफ करून देईन, पण रोजचा दोरा तुमचा तुम्हीच फिरवायचा. मग पुन्हा मोजू.”

“म्हणजे फेरपरीक्षा,” मास्तर पुटपुटले.

तो दोरा त्यांना चांगला ठाऊक होता. जेवणानंतर आरशापुढे तो निघाला, की “काढलं का शिवणकाम?” असं तेच तर विचारायचे.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मास्तर गुपचूप बायकोशेजारी आरशापुढे उभे राहिले. दोरा बोटांना गुंडाळला. सुटला. पुन्हा गुंडाळला, तर दोन्ही हात एकमेकांना बांधले गेले. मग त्यांची मान हळूच शेजारी वळली.

“समोर बघा,” मास्तरीणबाई आरशातूनच म्हणाल्या.

मास्तरांनी चटकन मान सरळ केली.

तशी मास्तरीणबाईंनी दिव्याखाली जरा सरकून, हात त्यांना नीट दिसेल असा धरला आणि पहिल्या दातापासून सावकाश सुरुवात केली.