टोपीवरचा पुरावा

पांगारा फुलला की धनेश पक्षी घरट्यासाठी झाडातली ढोली शोधतात, एवढ्याच आशेवर शर्वाणी सकाळपासून एका ढोलीसमोर कॅमेरा लावून बसली होती. शेजारी तिचे वडील, आबा, दुर्बीण घेऊन होते. जंगलात धनेशांची एक तरी खरी जोडी उरल्याचा पुरावा या वसंतात मिळाला नाही, तर डोंगरावर खाण सुरू होणार होती.

ढोलीपाशी एक नर येऊन बसला. शर्वाणीला आनंद व्हायचं धाडस होईना. पर्यटकांसाठी सोडलेले यांत्रिक धनेशही असेच बसायचे, असेच ओरडायचे. गेल्या वर्षी तिने पाठवलेला फोटो त्यांच्यातल्याच एकाचा निघाला होता.

मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि फक्त एक फट ठेवते; नराने त्या फटीपाशी उंबर धरलं. आतून एक चोच पुढे आली.

"भरवतोय बघ," आबा कुजबुजले.

"आबा, या वर्षी त्या यंत्रांना तेही शिकवलंय."

नर उडून गेल्यावर ती हळूच झाडाखाली गेली. वर बघणार तोच फटीतून पांढरी पिचकारी उडाली ती थेट तिच्या टोपीवर. त्यात उंबराच्या बारीक बियाही होत्या.

आबा तोंड दाबून हसू लागले. "यंत्राला कुठली गं शी होतेय!"

शर्वाणीचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. पाय न वाजवता ती मागे आली, आणि बरबटलेली टोपी तिने अलगद पिशवीत ठेवली.

"धुऊ नकोस हं," आबा म्हणाले.

"वेडी आहे का मी?"