अनुभवाचा दाखला

दोन हजार चार साली मुरबाडला पोरांसाठी स्केटिंगचं मैदान बांधायचं निघालं, तेव्हा नवशा गवंडी अर्ज घेऊन बांधकाम खात्याच्या साहेबांपुढे उभा राहिला.

"आमच्या खळ्याचा कोबा येऊन बघा, साहेब. पोरं त्यावर नुसती घसरत सुटतात."

"अनुभवाचा दाखला आहे? नाही ना? मग खळीच सारव." साहेबांनी गुटख्याची पिंक टाकली, ती नवशाच्या पायाशी पडली. त्याने पाय मागे घेतला.

"हे बघ, ज्याला काम दिलंय त्या ठेकेदाराने बांधलेलं मैदान," म्हणत साहेबांनी फायलीतला फोटो त्याच्या नाकासमोर नाचवला.



फोटोत नवशाचंच खळं होतं, आणि कडेला थापी हातात धरून, दात काढून, तो स्वतःच उभा होता.