थकबाकीदार वाचक

“हिरासिंग पवार,” राठोड मॅडम ग्रंथालयाच्या रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या. “आठवी. साल शहाऐंशी.”

कामरानने टाइप केलं. “पुस्तकाचं नाव?”

“तिथं वाळवी लागलीय. राहू द्या. पुढचं घ्या.”

“दाखवा की मॅडम, मी लावतो बराबर.”

“डोळे फुटतील तुमचे. मी वाचते, तुमी लिहा.”

दोन हजार तीन साल होतं. हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शाळेत तीन संगणक आले होते आणि ते शिक्षकांच्या खोलीत एका कोपऱ्यात प्लॅस्टिक पांघरून बसले होते. चहाचे कप ठेवायला त्यांचा चांगला उपयोग होई. कामरान शेख हा संगणकाचा मास्तर. पोरगा याच शाळेत शिकलेला. रोज कपांचे डाग पुसून तो वैतागला होता.

शाळेत रिकामी म्हणावी अशी एकच खोली होती, ग्रंथालयाची. हेडमास्तरांनी निकाल देऊन टाकला होता. दिवाळीनंतरच्या तपासणीत पाचशे पुस्तकं दिसली तर खोली ग्रंथालयाची, नाही तर कपाट व्हरांड्यात आणि संगणक आत. कपाटात तेव्हा एकशे चाळीस पुस्तकं होती. मॅडम ग्रंथपाल म्हणून येण्यापूर्वी वीस वर्षं त्या कपाटाला कुलूप नव्हतं. ज्याला हवं ते तो घेऊन जाई, आणि परत आणायचं असतं हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

म्हणजे कामरानने नुसतं हातावर हात ठेवून बसायचा अवकाश, खोली त्याचीच होती. पण मॅडम स्वतःच त्याच्याकडे आल्या.

“खोली दोघांची करू,” त्या म्हणाल्या. “टेबलं तुमची, कपाटं माझी. लेकरं इकडून तिकडं फिरतील. पण आदी पुस्तकं आणली पायजेत. माज्या तांड्यात वाचायला कागद मिळत नव्हता, सर. हे कपाट मी व्हरांड्यात जाऊ देणार न्हाई.”

कामरानला त्यांचा हट्ट आवडला. खरं तर त्याला त्यांची थोडी भीतीच वाटे.

मॅडमनी आदल्या वर्षी गावात हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. एकही पुस्तक आलं नव्हतं. बहुतेक चिठ्ठ्या चुलीत गेल्या असाव्यात. आता मात्र नोटीस संगणकातून निघणार होती.

पंधरा दिवस मधल्या सुट्टीत हेच चाललं. वीज असली की मॅडम वाचत, कामरान टाइप करी. नावाबद्दल शंका आली की मॅडम ऑफिसात जाऊन दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे शाळेतल्या आजवरच्या मुलांच्या नोंदवहीत, पाहून येत. काम चोख पाहिजे, हा त्यांचा बाणा. यादीत किराणावाले होते, जीपवाले होते, दोन डॉक्टर होते. गावातली बरी माणसंच पुस्तकं दाबून बसतात, असं कामरानच्या मनात आलं.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, “कामरान शेख. सातवी. साल एक्याण्णव.”

कामरानची बोटं थांबली. “मी?”

“इथं तर तेच हाय.”

“मला याद न्हाई, मॅडम.”

“चोराला कदी याद असती का?” मॅडम हसल्या. “लिहा. आपल्या माणसाला सूट न्हाई.”

त्याने निमूटपणे स्वतःचं नाव टाइप केलं.

प्रिंटरमधून करकरत तीनशे नोटिसा बाहेर आल्या. नाव, इयत्ता, साल, आणि खाली एक ओळ: पुस्तक हरवले असल्यास त्याऐवजी दुसरी दोन द्यावीत.

तिसऱ्या दिवशी हिरासिंगची जीप शाळेसमोर थांबली. त्याच्या हातात दोन कोरी पुस्तकं होती आणि मान खाली.

“वाघाचं पुस्तक व्हतं, मॅडम. चित्रं लई झ्याक. आमच्या वासरानं खाल्लं, म्हून देलं न्हाई. इतकी वर्सं मनाला खात व्हतं बगा.”

“असू द्या,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पावती दिली.

कापडवाले बद्रुद्दीन चाचा तर गठ्ठाच घेऊन आले. “तीन भाऊ, तिघांना नोटिसा,” ते म्हणाले. “हाताची चिठ्ठी असती तर भांडलो असतो. पण कॉम्प्युटर झूट काहून बोलंल? आमच्या घरची इज्जत हाय.”

कामरानने घरी पेट्या उपसल्या, माळा झाडला. त्याची आई रहमतबी म्हणाली, “तू लहानपणी एक लाल पुस्तक घेऊन फिरायचा, तेच असंल.” मग त्यालाही ते लाल पुस्तक आठवू लागलं. जीव चुटपुटला. रविवारी हिंगोलीला जाऊन त्याने दोन पुस्तकं आणली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी त्यालाही पावती दिली.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी सहाशे बारा पुस्तकं मोजली, संगणकावरची यादी पाहिली आणि मान डोलावली. “ग्रंथपाल आणि संगणकवाल्यांनी मिळून असं काम केलेलं मी पहिल्यांदा पाहतो,” ते म्हणाले. हेडमास्तरांचा नाइलाज झाला. त्याच दुपारी तिन्ही संगणक ग्रंथालयात आले.

कामरानचा आनंद पोटात मावत नव्हता. वायरी जोडून झाल्यावर तो म्हणाला, “मॅडम, आता ते रजिस्टर द्या. सगळ्यांच्या नावावर रेघ मारून टाकू. पहिली माझ्या.”

मॅडम स्टुलावर उभ्या राहून वरचा खण लावत होत्या. या वेळी त्यांनी ‘मी वाचते’ म्हटलं नाही. वरूनच बोट दाखवलं.

“टेबलावर हाय. घ्या.”

कामरानने पहिलं पान उघडलं. वर शाळेचा गोल शिक्का होता. त्याने दुसरं उलटलं, मग दहावं, मग एकदम शेवटचं. वाळवी कुठेच लागलेली नव्हती, आणि आख्ख्या रजिस्टरात एकही नाव लिहिलेलं नव्हतं.