कोरी पाठ

पातेल्यातल्या वाफेनं घात केला.

सुपारी घेऊन आलेला थिरोक उझेलाच्या चुलीवरच्या धुराड्यात दबा धरून बसला होता. खाली म्हातारी शेवाळाची पेज रटरटवत होती. विषकाटा त्याच्या हातात, नेम तिच्या मानेवर. एवढ्यात त्याच्या छातीवरची कात कडकन वाजली. वाफ लागली की कात वेळेआधी सुटते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण थिरोकला जन्मात कुणी पेज रांधून घातली नव्हती, चुलीपाशी बसायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती.

पाहता पाहता त्याचे चारही हात जुन्या कातीत आखडले. विषकाटा निसटून खाली, म्हातारीच्या पायाशी पडला.

उझेलानं वर पाहिलं. ना ओरडली, ना पळाली. काटा पायानंच चुलीमागं सारला.

"ओर्झाननं पाठवलं का रे तुला?"

थिरोक कातीतून हात सोडवायला धडपडत होता.

"त्यानंच. दुपारच्या सभेत मी तोंड उघडू नये म्हणून. खालच्या आळीला येणारी हवा त्यानं कशी तोडली, ते माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही." तिनं पेजेत डाव फिरवला. "आणि माणूस पाठवला तो असा. आला आणि धुराड्यात अडकला."

"म्हातारे, खाली ओढ मला."

तिनं पाय धरून ओढला. तो गाठोड्यासारखा जमिनीवर आदळला.

आमची कात छातीवर आपोआप फाटते. पाठीवरची मात्र कुणीतरी सोलावी लागते. नाही सोलली तर ती वाळते, आवळते आणि आतला जीव गुदमरतो. देवानं आम्हाला चार हात दिले, पण पाठीपर्यंत पोचेल असा एकही दिला नाही. म्हणून आई सोलते, बायको सोलते, नाहीतर शेजारी सोलतो. सोलणाऱ्याचे पंजे नव्या ओल्या कातडीवर उमटतात ते पुढच्या कातीपर्यंत जात नाहीत. आमच्या या ताऱ्यांच्या बंदरात कोण कुणाचं, ते पाठीवरूनच कळतं.

थिरोकची पाठ कोरी होती आणि त्याचा धंदा त्यावरच चालायचा. कात सुटायच्या दिवसांत तो एका ओसाड लघुग्रहावर जाऊन खडकाला पाठ घासायचा. रक्तबंबाळ व्हायचा, पण कुणाला हात लावू द्यायचा नाही. ज्याच्यावर कुणाचाच पंजा नाही, तो कुणालाही मारू शकतो. गिऱ्हाइकं त्याला शोधत यायची ती यासाठीच.

"माझी होडी धक्क्याला बांधलीय," तो म्हणाला. "माझ्या खडकापर्यंत पोचव मला."

"पोचेपर्यंत टिकशील?"

त्यानं श्वास घेऊन पाहिला. अर्धाच आत गेला.

"मग सांडशीनं सोल. हात नको."

"सांडशी आहे की. ही बघ." तिनं सांडशी उचलून दाखवली आणि परत जागेवर ठेवली. "पण मी हातानंच सोलणार. पटत असेल तर बोल."

"मी मेलो तर तुला काय मिळणार?"

"काही नाही. ओर्झान दुसरा पाठवील, आणि तो वाफेपासून लांब बसेल. तू जगलास तर माझ्या कामाचा आहेस. पुण्य जोडायला नाही बसले मी, बाबा. मला दुपारपर्यंत जगायचंय."

थिरोकनं तिला शिव्या घातल्या. शिव्यांनाही श्वास लागतो, त्यामुळे त्या लवकर संपल्या. खिडकीतून धक्का दिसत होता, त्याला बांधलेली त्याची होडी दिसत होती, आणि पलीकडे शिडं फुगवून ताऱ्यांकडे निघालेली जहाजं. सगळं हाकेच्या अंतरावर. कात बरगड्यांवर आणखी आवळली. मरायच्या आधी लोक त्याच्यासमोर कसे गयावया करायचे, ते त्याला चांगलं माहीत होतं. तोच सूर आता त्याच्या गळ्याशी आला होता, आणि त्याला फार भीती वाटत होती.

"लाव," तो म्हणाला. "लाव हात."

उझेला गुडघ्यांवर बसली. तिचे तळवे चुलीच्या उबेनं गरम होते. अंगठा रोवायची, कात सोडवायची, हळूच दाबून पुढं सरकायची.

"काय दशा करून घेतलीस रे पाठीची," ती पुटपुटली.

थिरोकला रडू फुटलं, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला.

कात निघाली. तो पालथा पडून पोटभर श्वास घेत राहिला. मग सवयीनं त्याचं डोकं चालू लागलं. ओर्झानकडे परत जायची सोय उरली नव्हती. या बाईचे पंजे पाठीवर घेऊन गेलेल्याला तो जिवंत ठेवणार नाही. म्हातारीला मारावं, तर स्वतःच्या सोलणारीला मारणाऱ्याला अख्ख्या बंदरात कुणी श्वासभर हवा देणार नाही. कसंही फिरवून पाहिलं तरी एकच निघत होतं. ही बाई जगायला हवी आणि ओर्झान आजच बुडायला हवा.

तिनं पुढं ठेवलेली पेज त्यानं मुकाट्यानं प्यायली. पाठीवरची नवी कातडी सुकत आली तोवर सभेचं शिंग वाजलं. उझेलानं काठी घेतली. थिरोकनं खुंटीवरची तिची शाल ओढून अंगाभोवती गच्च गुंडाळली.

"चल. मी तुझ्यामागून येतो. वार मागूनच होतो, मला विचार."

"मागून नको. पुढं चाल."

"पुढं कशाला?"

"आणि शाल इथंच राहू दे."

दाराबाहेर सगळी आळी सभेला निघाली होती. थिरोक बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. मग त्यानं शाल काढली, खुंटीला लावली आणि उघड्या पाठीनं रस्त्यावर उतरला. मागं उझेलाची काठी वाजू लागली. म्हातारीला कसलीच घाई नव्हती.