खऱ्या फ्लॉपीची पूजा

कॉम्प्युटरने पाचव्यांदा तेच मागितलं. मूळ फ्लॉपी घाला.

"घातली हाय की," हैबती म्हणाला. यंत्राशी भांडण्यात अर्थ नाही हे त्याला कळत होतं. मग भांडायचं कुणाशी, ते कळत नव्हतं.

फ्लॉपी मूळच होती. महाडच्या एस.टी. स्टँडसमोरच्या आपल्या टायपिंगच्या दुकानासाठी हैबतीने मराठी छपाईचा प्रोग्रॅम पुण्याच्या कंपनीकडून पावतीसकट आणला होता. चोरी होऊ नये म्हणून कंपनीने प्रोग्रॅमला कुलूप घातलं होतं आणि किल्ली या एकाच फ्लॉपीत ठेवली होती. तिची नक्कल निघत नसे, आणि ती आत घातल्याशिवाय काम सुरू होत नसे. काल दसरा झाला. हैबतीने पाटावर कीबोर्ड मांडला, प्रिंटर मांडला आणि सगळ्यांच्या पुढे ही फ्लॉपी ठेवून तिला ओलं हळदकुंकू लावलं. तेही नेमकं त्या फटीत, जिथून आतली तबकडी दिसते.

"मी म्हटलेलं, वरच्या कागदाला लावा," त्याची बायको आनंदीबाई म्हणाली. "तर म्हणं, खरं ते आत असतंय."

बाकावर जानकीबाई बसल्या होत्या. नाते गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. उद्या सकाळी पाच शाळांची मिळून सहामाही परीक्षा होती. टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या फ्लॉपीत सुखरूप होत्या, पण प्रोग्रॅम उघडेना म्हणून बाहेर निघत नव्हत्या. गेल्या वर्षी दुसरीकडे छापायला दिलेला गणिताचा पेपर आदल्या दिवशीच गावभर झाला होता आणि बाईंना त्यापायी बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

"हैबतराव, मी तुमच्याकडे का आले? तुमचं सगळं सरळ असतं म्हणून," त्या म्हणाल्या.

हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पुण्याचा ट्रंक कॉल लागला.

कंपनीच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. "कुंकू?" त्याने विचारलं.

"व्हय साहेब. दसऱ्याचं."

"फ्लॉपी इकडे पाठवा. तपासतो. तीन आठवडे लागतील."

"परीक्षा उद्या हाय. आणि माझ्याकडं पावती हाय ना."

"असेल हो. पण फ्लॉपी बिघडली म्हणून दुसरी मागायची आणि दोन दुकानं चालवायची, असे लोक रोज भेटतात. तुम्ही त्यांतले नाही, हे मी कशावरून समजू?"

आपण चोर नाही हे कशावरून, असं हैबतीला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. "वरिष्ठांना विचारून कळवतो," असं म्हणून त्या माणसाने फोन ठेवला.

शेजारचा चांगू केव्हाचा दारात उभा होता. त्याचंही टायपिंगचं दुकान, आणि प्रोग्रॅमही तोच. फक्त त्याचा मुंबईहून आलेला, कुणीतरी कुलूप तोडून दिलेला. त्याने कागदी पाकिटातून एक फ्लॉपी काढली. तिच्यावर साधं नावही नव्हतं.

"घाल ही. आमची काय मागत नाय."

"चोरीची नको," हैबती म्हणाला.

"चोरी कसली रे? तू पैसे भरलेस ना? मग तुझंच तुला वापरायचं हाय."

ते बरोबर वाटलं. ते चूकही वाटलं. हैबतीने बायकोकडे पाहिलं, तिने जानकीबाईंकडे पाहिलं. जानकीबाई घड्याळाकडे बघत होत्या. शेवटची गाडी साडेपाचला होती. हैबतीने ती फ्लॉपी घातली.

प्रोग्रॅम उघडला. काही विचारलं नाही, काही मागितलं नाही. पडद्यावर इयत्ता सातवीचा इतिहास आला. बाईंनी चांगूला पायरीवर बसायला सांगितलं, तो हसत जाऊन बसला, आणि प्रिंटर करकरायला लागला.

चौथा कागद निघत असताना फोन वाजला. पुणेच होतं.

"तुमचं काम झालं," मघाचाच माणूस म्हणाला. आता आवाज बराच मऊ होता. "वरिष्ठ म्हणाले, कोकणातला एकुलतं एक गिऱ्हाईक आहे, विश्वास ठेवा. नवीन फ्लॉपी आजच टपालाने पाठवतो. फक्त एक लिहून द्यायचं, की तुमच्या मशीनवर आमच्या प्रोग्रॅमची चोरीची कॉपी कधीही चालवलेली नाही. तुमच्याबाबतीत तो प्रश्नच नाही म्हणा."

अर्ध्या तासापूर्वी हैबतीने हे देवाच्या पायावर हात ठेवून लिहून दिलं असतं. त्याने रिसीव्हरवर तळवा दाबला, पण प्रिंटरचा आवाज काही तळव्याने अडत नव्हता.

"हॅलो? मागे कसला आवाज येतोय?"

हैबतीने प्रिंटरकडे पाठ केली.

"शिलाई मशीन हाय साहेब," तो म्हणाला. "बायको शिवतेय."

आनंदीबाईने आयुष्यात शिलाई मशीन चालवलं नव्हतं. पलीकडच्या माणसाने पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला, हैबतीने तो सांगितला आणि फोन ठेवला.

सगळे पेपर निघाले. जानकीबाईंनी गठ्ठा बांधून पिशवीत घातला आणि पेपरांची फ्लॉपीही मागून घेतली. मग त्या खाली वाकल्या, आणि टोपलीतले छापताना फुकट गेलेले कागद एकेक करून वेचायला लागल्या.

"ऱ्हाऊ द्या बाई, मी जाळून टाकतो," हैबती म्हणाला.

"नको," जानकीबाई म्हणाल्या. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "मीच नेते."