राजाच्या पानातली रोटी

मेलेल्यांची आठवण काढताना आमच्याकडे रोटीवर लाल दारू शिंपडतात. जिवंत माणसाच्या रोटीवर थेंबही पडू देत नाहीत.

मंगोल खानाच्या छावणीतून चार वर्षांनी आमचे राजे तोर्निके परतले, त्या दुपारी मीच त्यांना रोटी वाढली. पानात, म्हणजे पुढ्यात अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर, पडताच ती लाल, ओली झाली. बदलून दुसरी वाढली. तीही तशीच.

"हातूनाबाई, हात थरथरायला लागले वाटतं," कारभारी बेशकेन कुजबुजला.

"दारूची सुरई त्या टोकाला आहे. मी तिला शिवलेसुद्धा नाही."

"राहू दे, बाई," राजे म्हणाले. "तिथेही पहिल्या दिवसापासून असंच व्हायचं." त्यांनी ती रोटी मोडून खाल्ली. मग मान वर न करताच म्हणाले, "मला सोडलंय ते एका अटीवर. माझ्या जागी खानाला आता गिगा ओलीस हवाय. उद्याच निघायचंय."

राजांचा धाकटा भाऊ गिगा समोरच बसला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्या रोटीकडे वळल्या.

"बघ दादा, ठणठणीत कोरडी आहे," गिगा हसला.

राजांशेजारी बसलेल्या राणीने सुटकेचा निःश्वास टाकला. गिगाने रोटी उचलली.

खालच्या पांढऱ्या कापडावर रोटीएवढाच गोल, लाल डाग पसरला होता.