यिवू स्टेशनच्या बाहेर

लिन बाईंच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे सिराजला शुक्रवारी जेवायला बसताना पुन्हा आठवलं. कुवेतातल्या अम्गऱ्याच्या गोदामात लेसचं खोकं फोडताना ते पत्र हाती लागलं होतं. लिन बाई चायनातल्या यिवूच्या घाऊक बाजारातल्या. सिराजच्या सलवा वस्तीतल्या दुकानातली लेस, झालरी, बटणं, सगळं त्यांच्याकडून यायचं. सोप्या इंग्रजीत त्यांनी लिहिलं होतं : कोणत्या गाडीने येणार ते कळवा, मी स्टेशनवर घ्यायला येते.

"अवो, लिहून टाका की त्यांना," त्याची बायको सफिया त्याच्या ताटात झुबेदीचा, म्हणजे इथल्या पापलेटचा, तुकडा वाढत म्हणाली. "तुमच्या गुडघ्यांपायी पोर एकटा चाललाय."

"बाईमाणसाला कशाला त्रास? रस्ता मी सांगतो ना."

सिराज तसा अबोल. चारचौघांत बोलायची वेळ आली की पुस्तकात डोकं घालणारा. पण आपण एकदा चायनाला जाऊन आलो, ही त्याची गोष्ट सलव्यातल्या कोकणी मंडळींत ठरलेली होती. घरी पाहुणा आला की ती निघायचीच.

समोर बसलेला आदिल त्याचा भाचा. जन्म कुवेतचा, आणि कुवेतात आगगाडीच नाही. गावी दापोलीला जायचं तेही मुंबईहून मोटारीने. त्यामुळे पोराने स्टेशन पाहिलं होतं ते मोबाइलवर. पुढे दुकान त्यालाच चालवायचं होतं, म्हणून बाजार एकदा आपल्या पायांनी हिंडून येणं भाग होतं. त्याची आई रहिमा सिराजला म्हणाली होती, "भाई, तुझ्या भरवशावर धाडतेय. पोर हरवला तर मला तोंड दाखवू नकोस."

"मामू, एवढंच सांगा," आदिल म्हणाला, "स्टेशनवरून सिटी सेंटरला कसं जायचं? बाकी आय विल मॅनेज. तिकडे गूगलही धड चालत नाही म्हणतात."

सिराज घोटभर पाणी प्याला.

"बाहेर पडलास की टॅक्सीवाले अंगावर येतील. बघायचंही नाही त्यांच्याकडे. डाव्या हाताला वळ. पुढे लाल छपराचं नूडल्सचं दुकान लागेल. मालक मुसलमान, पांढरी दाढी. सलाम कर, माझं नाव सांग. तो तुला स्वतः बसमध्ये बसवून देईल. बस थेट शहराच्या मध्यावर जाते."

"आणि तो म्हातारा तिथं नसला तर?" सफियाने विचारलं.

"असेल. जाईल कुठं?" सिराज म्हणाला, आणि माशातले काटे काढत बसला.

आदिल गेला त्या दिवसापासून सिराजचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दुकानात त्याने दोनदा भलतीच लेस कापली. एका बाईला पांढऱ्याऐवजी काळी बटणं बांधून दिली. पोर शहरात नीट पोहोचू दे, एवढंच तो मनात घोकत होता. सफिया म्हणाली, "अजून वेळ आहे. करा लिन बाईंना फोन." त्याने फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

दुपारच्या आधी आदिलचाच फोन आला.

"मामू, पोहोचलो. नो टेन्शन."

"कुठं? शहरात?"

"सगळं तुम्ही सांगितलंत तसंच."

त्याच्या मागे कुठेतरी अजान चालली होती. फोन स्पीकरवर होता. कुवेतात अजून जुहरला, दुपारच्या नमाजाला, वेळ होता, म्हणून सफियाने कान टवकारले. "इतकी मोठ्याने? तिकडे?"

"म्हाताऱ्याच्या दुकानामागे मशीद आहे," सिराज घाईने म्हणाला.

"हां मामू, मशीद," पलीकडून आदिल म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी तो परत आला. सफियासाठी त्याने दुबई विमानतळावरचं चॉकलेट आणलं होतं.

"आणि चायनाचं काय आणलंस रे?"

"मामी, चायनाचं सगळं इथंच मिळतं." नव्या लेसचे फोटो त्याने मोबाइलवर दाखवले. खरेदी झाली होती, माल कार्गोने निघाला होता. फोटोंत लेस छान दिसत होती.

सिराजने फोटो पाहिले. मग भात कालवत त्याने सहज विचारलं, "आपला नूडल्सवाला कसा आहे?"

"मस्त. तुमचं नाव काढलं तर गळ्यातच पडला. पैसे घेईना."

"लंगडतो का अजून?"

"थोडासा. पण बसपर्यंत आला सोडायला."

"आणि त्याची नात? एवढीशी होती तेव्हा."

"कॉलेजात जाते आता, मामू."

सिराजचा हात ताटातच थांबला. मग कितीतरी दिवसांनी त्याला पोटातून हसू आलं. त्याने झुबेदीचा सर्वांत मोठा तुकडा उचलून आदिलच्या ताटात ठेवला.

"पुढच्या खेपेला आपण दोघं जाऊ."

आदिलला ठसका लागला. "तुम्ही कशाला, मामू? गुडघे..."

"गुडघ्यांचं बघू. तू आहेस ना रस्ता दाखवायला."

"रस्ता तुम्हालाच जास्त माहीत आहे, मामू," आदिल मान खाली घालून म्हणाला.

"जेव," सिराज म्हणाला. त्या दिवशी त्याने दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी त्याने कागद पुढे ओढला. लिहायला फार वेळ लागला नाही. समोरच्या कुरिअरच्या काउंटरवर पाकीट देऊन, पावती खिशात घालून तो बाहेर पडला तेव्हा त्याला फार हलकं वाटत होतं. पत्रात एवढंच होतं :

'लिन बाई, मी आणि माझा भाचा येतो आहोत. स्टेशनवर घ्यायला नक्की या. आम्ही दोघेही चायनात पहिल्यांदाच येत आहोत.'